कंडेन्सर की डायनॅमिक? पंखा दोघांनाही ऐकू येतो

घरी गाणं रेकॉर्ड करायला कुठला माइक घेऊ असं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, कंडेन्सर नको, तो खोलीतला सगळा आवाज खेचतो, डायनॅमिक घे, तो फक्त तुझा गळा उचलतो. वाचून वाचून वैताग आलाय. गळा कुठला आणि पंखा कुठला हे कुठल्याच माइकला कळत नाही.

डायनॅमिक तुम्हाला माहीतच आहे, शुअरचा एसएम58, 1966 पासून बाजारात आहे, ऑर्केस्ट्रापासून गणपतीच्या मांडवापर्यंत सगळीकडे दिसतो. कंडेन्सरला 48 व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज लागते, ती ऑडिओ इंटरफेसवरच्या (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) एका बटणाने मिळते, विषय संपला. यूएसबी (थेट कॉम्प्युटरला लागणारा) की एक्सएलआर (तीन पिनांच्या केबलने इंटरफेसला लागणारा) यावर भांडत बसू नका, पुढे गिअर वाढवायचा असेल तर एक्सएलआर.

आता खरा घोळ. कंडेन्सर जास्त सेन्सिटिव्ह असतो हे खरंय, पण सेन्सिटिव्ह म्हणजे तेवढ्याच आवाजाला तो जास्त व्होल्टेज देतो, बास. रोड कंपनीचा कंडेन्सर एनटी1-ए हा एसएम58 पेक्षा साधारण 22 डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) जास्त सिग्नल देतो, पण गळ्याचाही तेवढाच जास्त आणि पंख्याचाही तेवढाच. मग एसएम58 ला इंटरफेसवरचा गेन, म्हणजे सिग्नल मोठा करणारी खुंटी, वाढवून ती कसर भरून काढली, आणि ती काढावीच लागते, की पंखा परत हजर! दोघंही कार्डिऑइड, समोरचं जास्त उचलतात, मागचं कमी, त्यामुळे तिथेही फारसा फरक पडत नाही.

मग डायनॅमिकवर खोली कमी का येते? कारण तो आपण ओठांना लावून गातो आणि कंडेन्सर हातभर लांब ठेवतो. माइक दुप्पट लांब नेला की गळा 6 डीबीने पडतो, पंखा मात्र आहे तिथेच. 30 सेंमीवरून 5 सेंमीवर या, गळा 15 डीबीने वर येतो. कंडेन्सरसमोर पॉप फिल्टर (प-फ चे फुंकर अडवणारी जाळी) लावून 10 सेंमीवर गाऊन बघा, खोली तिथेही मागे पडेल.

जवळ गाण्याची किंमतही आहे. खर्ज फुगतो, तो लो-कटने (खालचे सूर कापणारा फिल्टर) आवरता येतो, पण मान हलते त्याचं काय? नाट्यगीत किंवा ख्याल गाणारा समेवर येताना पाच सेंमी तरी मागेपुढे होतोच. 5 चे 10 झाले की 6 डीबी गेले, 30 चे 35 झाले तर जेमतेम सव्वा डीबी. म्हणून शास्त्रीय गाणाऱ्याला मी कंडेन्सरच सांगतो, 25-30 सेंमीवर, पंखा बंद करून. रॅप, रॉक किंवा रस्त्यालगतचा फ्लॅट असेल तर डायनॅमिक, जवळून.

आणि कृपा करून कंडेन्सरच्या टोकात गाऊ नका! एनटी1-ए सारखे बहुतेक मोठ्या डायफ्रामचे (आवाजाने थरथरणारा आतला पडदा) माइक बाजूने ऐकतात, उभा ठेवून त्याच्या समोरच्या बाजूला तोंड करायचं. टोकात गायलं की आवाज पातळ येतो आणि लोक माइकला शिव्या देतात.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्यात वेळ घालवू नका, त्याने शेजारचा टीव्ही थांबत नाही आणि खोलीचा घुमारही फारसा जात नाही. घरातली जाड रजई किंवा गोधडी घ्या आणि ती माइकच्या मागे नाही, तुमच्या पाठीमागे टांगा, कारण कार्डिऑइडचं तोंड त्या भिंतीकडे असतं आणि घुमलेला आवाज तिथूनच परत येतो.