पाच वर्षे जगण्याचे प्रमाण आणि निदानाची तारीख

‘या तपासणीत कर्करोग लवकर सापडतो आणि लवकर सापडलेल्यांपैकी बहुतेक सर्व रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात’ अशा आशयाची विधाने जाहिरातींत आणि बातम्यांतही वारंवार आढळतात. त्यांतील आकडे बहुधा खरे असतात; परंतु तपासणीमुळे माणसे वाचली, असा निष्कर्ष त्या आकड्यांतून निघत नाही.

हे प्रमाण काढताना, निदान झालेल्यांपैकी किती जण निदानाच्या दिवसानंतर पाच वर्षांनी जिवंत आहेत, हे पाहिले जाते. म्हणजे मोजणी रोग सुरू झाल्यापासून नव्हे, तर तो सापडल्यापासून सुरू होते. समजा, एका व्यक्तीला ६७व्या वर्षी लक्षणे दिसून निदान झाले आणि ७०व्या वर्षी त्याच रोगाने मृत्यू आला. ती ‘पाच वर्षे न जगलेल्यां’त जमा होईल. तोच रोग तपासणीत ६०व्या वर्षी सापडला आणि उपचारांचा काहीही उपयोग न होता मृत्यू ७०व्या वर्षीच आला, तर मात्र ती निदानानंतर दहा वर्षे जगली म्हणून यशाच्या बाजूला मोजली जाईल. आयुष्य एका दिवसानेही वाढलेले नसते. वाढतो तो केवळ रुग्ण म्हणून जगण्याचा काळ.

दुसरी गफलत भाजकात होते आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. समजा, एखाद्या प्रदेशात वाढत जाणाऱ्या कर्करोगाचे १०० रुग्ण आहेत आणि त्यांतील ३० जण पाच वर्षे जगतात. प्रमाण ३० टक्के. आता तपासणी सुरू होते आणि कधीही त्रास न देणाऱ्या सूक्ष्म गाठी आणखी २५० जणांत सापडतात. हे सर्व जगणारच असतात. आता ३५० पैकी २८० जण जिवंत, म्हणजे प्रमाण ८० टक्के; मृत्यू मात्र पूर्वीइतकेच, ७०. अशा अतिनिदान झालेल्या व्यक्तीने कोणताही चमत्कारी काढा घेतला तरी ती ‘बरी’ होते आणि भोंदू वैद्यांना मनापासून साक्ष देणारी माणसे मिळतात.

दक्षिण कोरियात हे प्रत्यक्ष घडले. तेथे १९९९ मध्ये राष्ट्रीय कर्करोग तपासणी कार्यक्रम सुरू झाल्यावर, त्यात समाविष्ट नसलेली थायरॉईडची सोनोग्राफीही अल्प जादा शुल्कात सर्रास होऊ लागली. २०११ मध्ये थायरॉईडच्या कर्करोगाचे निदान १९९३च्या तुलनेत सुमारे १५ पट झाले होते, पण त्या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ बदलले नव्हते. निदान झालेल्या बहुतेकांची ग्रंथी पूर्णतः किंवा अंशतः काढली गेली आणि अनेकांना आयुष्यभर संप्रेरकाच्या गोळ्या घेणे भाग पडले. २०१४ मध्ये काही डॉक्टरांनी जाहीर इशारा दिल्यानंतर या शस्त्रक्रिया सुमारे एक तृतीयांशाने घटल्या.

यात आणखी एक सूक्ष्म बाब आहे. वेगाने वाढणारा कर्करोग ‘चाचणीत दिसू लागला’ आणि ‘लक्षणे दिसू लागली’ या दोन क्षणांमधील काळ झपाट्याने ओलांडतो, तर संथ कर्करोग त्या अवस्थेत वर्षानुवर्षे राहतो. त्यामुळे ठरावीक अंतराने होणाऱ्या तपासणीत संथ कर्करोग सापडण्याची शक्यता मुळातच अधिक असते, आणि तपासणीत सापडलेल्यांची तुलना लक्षणांमुळे आलेल्यांशी करणे म्हणजे दोन निरनिराळ्या रोगांची तुलना करण्यासारखे होते.

या तिन्ही दोषांतून सुटण्यासाठी निदानाची तारीख गणितातून काढून टाकावी लागते. निरोगी लोकांचे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे केवळ योगायोगावर सोपवून, दोन गट करायचे, त्यांपैकी एकाची तपासणी करायची, विभागणीच्या दिवसापासून काळ मोजायचा आणि संपूर्ण गटातील मृत्यू पाहायचे, मग रोग कोणात सापडला वा न सापडला तरी हरकत नाही. अमेरिकेत ५३,००० हून अधिक जणांवर, दीर्घकाळ भरपूर धूम्रपान केलेल्यांवर, अशी चाचणी झाली. तिच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने तपासलेल्या गटात फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू छातीचा साधा एक्स-रे काढलेल्या गटापेक्षा २० टक्क्यांनी कमी होते. येथे भाजकात रुग्ण नव्हते, गटातील सर्व माणसे होती.