कोड म्हणतो सर्किट, आपण बदलतो सेन्सर

साखरपा मागे पडलं, आंबा घाटाची चढण लागली आणि गाडी गपकन बंद झाली. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण पेट घेईना. आरपीएमचा काटा मात्र शून्यावरून जराही हलत नव्हता. अर्ध्या तासाने, इंजिन निवल्यावर, गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली.

तो न हलणारा काटा ही मोठी खूण आहे. इंजिन किती वेगाने फिरतंय हे संगणकाला, म्हणजे ईसीयूला, क्रँकशाफ्टचा, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचा, सेन्सर सांगतो. क्रँकशाफ्टवरच्या दातेरी चाकावर बऱ्याच गाड्यांत ६० दात्यांची जागा असते आणि त्यातले २ दाते मुद्दाम गाळलेले असतात. एक दाता म्हणजे ६ अंश. गाळलेली जागा समोरून गेली की पिस्टन कुठे आहे ते ईसीयूला कळतं. पण पिस्टन वर आला तो कॉम्प्रेशनला (हवा दाबायला) की एक्झॉस्टला (धूर बाहेर ढकलायला)? चार स्ट्रोकच्या एका फेऱ्यात क्रँक दोनदा फिरतो, त्यामुळे नुसत्या क्रँकवरून हे ओळखता येत नाही. कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, तेवढ्यात एकदाच फिरतो, म्हणून उत्तर त्याच्या सेन्सरकडे असतं. कॅमचा सेन्सर गेला तरी अनेक गाड्या लांब सेल्फ खाऊन चालू होतात. क्रँकचा गेला की बहुतेक गाड्या जागच्या हलत नाहीत.

गॅरेजमध्ये स्कॅनरने पी ०३३५ हा बिघाडाचा कोड दाखवला आणि सेन्सर बदलला गेला. इथेच आमची चूक झाली. पी ०३३५ (क्रँक) आणि पी ०३४० (कॅम) हे कोड 'सर्किटमध्ये बिघाड' एवढंच सांगतात. सर्किटमध्ये सेन्सर आला, तशा वायरी आणि त्यांना जोडणारे कपलरही आले. आपल्या किनाऱ्यावर तर खारी हवा आणि पावसाळ्यातला दमटपणा कपलरच्या पिनांवर हिरवट गंज चढवतो, आणि वायरी कुरतडायला उंदीर असतातच. पी ००१६ आला तर क्रँक आणि कॅमचा मेळ चुकलाय. तिथे टायमिंगची चेन सैल झालीय का, बेल्टने दाता सोडलाय का, हे आधी बघावं.

तपासणी सेन्सरच्या जातीवर ठरते. दोन वायरींचा असेल तर आत बहुधा चुंबक आणि तांब्याच्या तारेची कॉइल असते. मल्टिमीटरवर तिचा रोध साधारण काहीशे ते हजारभर ओहम येतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलात मिळतो. तीन वायरींचा बहुधा एडविन हॉलने १८७९ साली शोधलेल्या परिणामावर (वीज वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आला की तिच्यात आडवं व्होल्टेज उमटतं) चालतो. त्याला ओहम लावून काही कळत नाही. आधी कपलरवर सप्लाय आणि अर्थिंग बघायचं, मग इंजिन फिरवून सिग्नल. आणि बिघाड गरम असतानाच येत असेल, तर मोजायचंही गरम असतानाच. थंड सेन्सर हमखास ठीक दिसतो.

दोन महिन्यांनी, भर पावसात, गाडी पुन्हा तशीच थांबली. या वेळी कपलर उघडला तर एक पिन हिरवी पडून सैल झालेली. पिन बदलली, त्यानंतर तीन वेळा घाट चढलो. काढून ठेवलेला जुना दोन वायरींचा सेन्सर प्लास्टिकच्या पिशवीत घालून कढत पाण्यात धरला आणि मीटर लावला. रोध जरासा वाढला, तांब्याचा तापल्यावर वाढतोच. पण आकडा कुठेही तुटला नाही, म्हणजे कॉइल शाबूत होती.