अपात्र म्हणजे सहा वर्षं घरी बसणं नव्हे

एखादा आमदार अपात्र ठरला की लगेच मेसेज फिरायला लागतात, आता याला सहा वर्षं निवडणूक लढता येणार नाही, आणि वर्षानुवर्षं लोक ते खरं धरून चाललेत. पण तसं नाहीये.

पक्षांतर केलं म्हणून अपात्र ठरवतात ते राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीखाली (म्हणजे पक्षांतरबंदी कायदा), जी 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने आली. त्यात आमदारकी जाते, बस. निवडणूक लढायला बंदी त्यात कुठेच लिहिलेली नाही. 2019 ला कर्नाटकात विधानसभा अध्यक्षांनी 17 आमदार अपात्र केले आणि वर सांगितलं की विधानसभेची मुदत संपेपर्यंत हे अपात्रच, तर सुप्रीम कोर्टाने अपात्रता कायम ठेवली पण ती मुदतीची अट उडवली, मग डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत त्यातले बरेचजण उभे राहिले आणि निवडूनही आले.

मग सहा वर्षं आली कुठून? ती लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 मधली, कलम 8. गुन्ह्यात दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर शिक्षेचा काळ आणि सुटल्यावर पुढची सहा वर्षं. म्हणजे प्रकरणच वेगळं. तिथेही दोषसिद्धीला, म्हणजे दोषी ठरवणाऱ्या निकालाला, वरच्या कोर्टात स्थगिती मिळाली की अपात्रता थांबते, राहुल गांधींची खासदारकी 2023 मध्ये अशीच परत आली.

आणि प्लीज, अपात्र म्हणजे नालायक असं लिहू नका. 24 वर्षांचा हुशार पोरगा पण विधानसभेला अपात्रच असतो, कारण वयाची अट 25 आहे. त्यात त्याच्या लायकीचा काय संबंध?