पालक-नियंत्रण (पॅरेंटल कंट्रोल)

वयात येणाऱ्या मुलांपर्यंत इंटरनेटवरचा प्रौढ मजकूर पोचू नये, पोचलाच तर निदान घरात कळावं, म्हणून आईवडील जे काही करतात त्या सगळ्याला मिळून हे नाव. 'पालक-नियंत्रण' हा शब्द कागदावरच जास्त दिसतो, घरात लोक 'पॅरेंटल कंट्रोल' नाहीतर सरळ 'लॉक टाकलंय' म्हणतात, आणि ज्याच्यासाठी लॉक टाकलं त्याला तर नावच नाही, 'नको ते' किंवा 'तसले व्हिडिओ' एवढ्यावर भागतं. फोनमध्ये ते लॉक कुठे असतं हे घरातल्या मुलांना माहीत असतंच, म्हणून इथे देत नाही.

नको त्या साइट अडवणारं पहिलं सॉफ्टवेअर, म्हणजे फिल्टर, कुणाचं यावर एकमत नाही. कॅनडातल्या गॉर्डन रॉस यांच्या 'नेट नॅनी'ला बरेच जण पहिला मान देतात, पण तिचं साल कुठे १९९३, कुठे १९९४, तर कुठे १९९५ असं सापडतं. अमेरिकेतलं 'सर्फवॉच' साधारण १९९५च्या मध्यावर बाजारात आलं. कल्पना कधी सुचली, कंपनी कधी निघाली आणि विक्री कधी सुरू झाली, या तीन वेगळ्या तारखा एकात मिसळल्यामुळे हा गोंधळ झाला असावा. टीव्हीवरचे नको ते कार्यक्रम अडवणाऱ्या व्ही-चिपपासून सुरुवात धरणारेही आहेत, पण अमेरिकेतला तिचा कायदा १९९६चा, म्हणजे फिल्टरनंतरचा, त्यामुळे ते मत जरा लंगडंच वाटतं. खरं तर सॉफ्टवेअर बाजूला ठेवलं तर त्याहून साधी एक युक्ती तेव्हापासूनच दिसते: १९९४ मध्ये अमेरिकेत लॅरी मॅगिड यांनी लिहिलेल्या एका माहितीपत्रकात पालकांना सांगितलंय की कॉम्प्युटर मुलाच्या खोलीत न ठेवता सगळे बसतात त्या खोलीत ठेवा. या नोंदीपुरती सुरुवात तिथूनच धरलेली बरी, कारण आपल्याकडे फिल्टरपेक्षा हीच युक्ती रुजली.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमचं, पण मुलांच्या हातात ते आलं सायबर कॅफेत, तासावर पैसे देऊन, प्लायवूडच्या केबिनमध्ये. मुंबई उच्च न्यायालयाने २००१ मध्ये याच विषयावर एक समिती नेमली आणि तिच्या शिफारशींमध्ये अल्पवयीनांना केबिनमध्ये न बसवता उघड्यावरच्या मशीनवरच बसवावं असं होतं. पुढे २०११च्या केंद्राच्या सायबर कॅफे नियमांत तर पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको, मोठं माणूस सोबत नसेल तर मुलांना केबिन नाही, इथपर्यंत मापं आली. म्हणजे 'कॉम्प्युटर हॉलमध्ये ठेवा' याचंच सरकारी रूप. गंमत अशी की नियम आले तोवर कॅफे ओस पडायला लागले होते, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा इतका स्वस्त झाला की हॉल, केबिन, पार्टिशन हे सगळं एका तळहातात मावलं.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगायची तर घरगुती फिल्टर बहुतेक वेळा डीएनएसवर चालतं. ब्राउझर साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता विचारतो आणि फिल्टरवाला सर्व्हर नको त्या साइटच्या यादीतल्या नावांना खरा पत्ता देतच नाही; क्लाउडफ्लेअर कंपनीने एप्रिल २०२० मध्ये सुरू केलेला १.१.१.३ हा असाच फुकट सर्व्हर. वायफायच्या राउटरमध्ये तो टाकला की घरातली सगळी यंत्रं त्याखाली येतात, पण मुलाने वायफाय बंद करून मोबाइल डेटा लावला, किंवा कुठे जातोय ते लपवणारं व्हीपीएन टाकलं, की राउटर बिचारा बघत बसतो. शिवाय व्हॉट्सअॅप-टेलिग्रामवर मित्राने पाठवलेला व्हिडिओ त्या साइटच्या नावाने येतच नाही, त्यामुळे तो अडवायला यादीचा काही उपयोग नाही. ऑक्सफर्डच्या प्रझिबिल्स्की आणि नॅश यांनी २०१८ मध्ये हिशोब मांडला की एका मुलाला वाचवायला १७ ते ७७ घरांत फिल्टर लावावं लागेल. आकडा युरोपातला आहे, तरी फिल्टरच्या जाहिरातींपेक्षा तो जास्त पटण्यासारखा.

वयाचा घोळ वेगळाच. जुन्या दंडसंहितेच्या कलम २९३ मध्ये अश्लील वस्तू वीस वर्षांखालच्यांना विकणं गुन्हा होता, जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत तिथे 'बालक', म्हणजे अठरा, आलं. ओटीटीला २०२१च्या नियमांनी ७, १३, १६ अशा पायऱ्या दिल्या आणि १३+ पासून वरच्या मजकुराला लॉकची सोय सक्तीची केली. गुगलच्या फॅमिली लिंक या देखरेखीच्या अॅपमध्ये मूळ नियमाप्रमाणे बऱ्याच देशांत तेरा पूर्ण झालं की मूल स्वतःच देखरेख बंद करू शकायचं, म्हणजे जिथे आईबापाची झोप उडायला लागते नेमकं तिथेच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं मुलांच्या अश्लील चित्रांवरचं कलम ६७ब मात्र पालकांनी नीट समजून घ्यावं असं आहे, कारण अठराखालच्या मुलांनी आपापसात पाठवलेला तसला फोटोही त्यात येऊ शकतो.

लंडनच्या सोनिया लिव्हिंगस्टोन वगैरे अभ्यासक बंदी घालणं आणि बोलणं असे दोन वेगळे मार्ग मानतात. बोलण्याची परंपरा मराठीत नाही असं म्हणता येत नाही, र. धों. कर्व्यांचं लैंगिक विषयांवर उघड बोलणारं 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ ते १९५३ चाललं, त्यापायी खटलेही झाले; पण शाळांमधलं किशोरवयीन शिक्षण २००७ मध्ये विरोधामुळे महाराष्ट्रात थांबवलं गेलं, आणि घरी बाबा आईवर ढकलतात, आई मोठ्या ताईवर.

गावाकडे हॉलची युक्ती अख्ख्या गावाला लावून पाहिली गेली. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि फोन-टीव्ही बंद करून मुलं अभ्यासाला बसतात. हेतू मुख्यतः अभ्यासाचा आहे, 'नको ते' हा शब्द तिथेही कोणी काढत नाही. साडेआठला दुसरा भोंगा वाजला की फोन पुन्हा सुरू.