ताणलेल्या तारेवरील स्पंद आणि आवर्ती तरंग

ताणलेल्या दोरीच्या एका टोकाला एकदाच झटका दिला की तिच्यावरून एक उंचवटा सरकत जातो; तो स्पंद. ठरावीक कालावधीने झटके देत राहिले की आवर्ती तरंग निर्माण होतात. दोन्हींत दोरीचे कण आपापल्या जागी वरखाली होतात, पुढे जाते ती ऊर्जा.

विद्यार्थ्यांची हमखास गल्लत होते ती वेगाबाबत. जोराचा झटका दिला तर उंचवटा मोठा होतो, पण तो लवकर पोहोचत नाही. वेग दोरीच ठरवते: ताणाला दर मीटर वस्तुमानाने भागून वर्गमूळ काढायचे. मीटरला ५० ग्रॅम भरणारी दोरी २० न्यूटन ताणाने धरली, तर वेग सेकंदाला २० मीटर. हात सेकंदाला ४ वेळा हलला तर तरंगलांबी ५ मीटर, ८ वेळा हलला तर अडीच मीटर, वेग तोच.

घट्ट बांधलेल्या टोकावरून स्पंद उलटा होऊन परततो, मोकळ्या टोकावरून सुलटाच. जाणारे आणि परतणारे तरंग मिसळून स्थिर तरंग तयार होतात. पुण्यातील महाविद्यालयांत मेल्डेच्या प्रयोगात ते डोळ्यांना दिसतात: नादकाट्याला (ठरावीक वारंवारतेने कंप पावणाऱ्या दुहेरी काट्याला) बांधलेला दोरा कप्पीवरून नेऊन पारड्यात वजने टाकायची. ताण चौपट केला की वेग दुप्पट होतो आणि तेवढ्याच दोऱ्यावर लूप, म्हणजे स्थिर तरंगाचे फुगवटे, निम्मे उरतात.

हेच गणित तानपुऱ्यात कानांनी पडताळता येते. १९५३ पासून पुण्यात भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवात गायकामागे तानपुरे जुळवले जातात, तेव्हा खुंटी पिळून बदलतो तो ताण, म्हणजेच तरंगाचा वेग. खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या 'सा'ची, तार मधल्या, एकाच सुरात लावलेल्या जोडीच्या तारांहून एक सप्तक खाली लागते. लांबी तितकीच, वारंवारता निम्मी. अर्थात तिच्यावरचा वेगही निम्मा. म्हणून ती जाड आणि पितळेची असते. तिच्या मूळ वारंवारतेच्या पाचपट असलेला स्वरांश (मूळ स्वरासोबत उमटणारा, पटीतल्या वारंवारतेचा घटक स्वर) म्हणजे जुळलेल्या तानपुऱ्यातून उमटणारा स्वयंभू गंधार.

मात्र टोक एका बिंदूत पक्के आहे, हे गृहीतक इथे अपुरे पडते. तारा जिच्यावर टेकतात त्या रुंद, किंचित वक्र घोडीवर जवारीचे सूत (तारेखालचा बारीक दोरा) सरकवले की कंप पावणारी तार घोडीला पुन्हा पुन्हा स्पर्शते. एखाद्या स्वरांशाच्या निस्पंद बिंदूवर (जिथे त्या स्वरांशात तार हलत नाही) तार छेडली तर तो स्वरांश उमटू नये, असा नियम आहे. तानपुऱ्यात तो तरीही ऐकू येतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये नोंदवले.