दर शाखेला वेगळे ५ लाख? नाही हो!
आमच्या सोसायटीत, कोथरूडला, एक काका आहेत. त्यांनी एकाच बँकेच्या कर्वे रोड, पौड रोड आणि सदाशिव पेठ अशा तीन शाखांत साडेचार-साडेचार लाखाच्या एफडी टाकल्यात, पावत्या बिस्किटाच्या डब्यात, आणि परवा लिफ्टपाशी मला सांगत होते, "अरे प्रत्येक शाखेला ५ लाखाचा विमा असतो." हे व्हॉट्सॲपवर कित्येक वर्षं फिरतंय आणि साफ चुकीचं आहे.

बँक बुडाली तर ठेवीदारांना पैसे देणारी रिझर्व्ह बँकेची संस्था म्हणजे डीआयसीजीसी, आणि तिचा विमा शाखेनुसार नसतोच. एका ठेवीदाराला एका बँकेत सगळ्या शाखा मिळून ५ लाख, त्यात सेव्हिंग, करंट, एफडी, आरडी सगळं आलं आणि मुद्दल अधिक व्याज धरून बरं का. म्हणजे काकांचे साडेतेरा लाख आणि कव्हर पाचाचं. फेब्रुवारी २०२० च्या आधी तर १ लाखच होतं! काकूंबरोबरचं जॉइंट खातं मात्र वेगळं धरतात.

आता मर्जरचं बघा, १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली, तर ज्याचे दोन्हीकडे ४-४ लाख होते त्याचे एकाच बँकेत ८ झाले आणि विमा राहिला पाचाचाच. ठेव बुडत नाही, ती नव्या बँकेकडे जाते, लोक उगाच घाबरून एफडी मोडतात आणि व्याजावर पाणी सोडतात.

सहकारी बँकांनाही हाच विमा आहे. रुपी बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला तेव्हा पुण्यात घरोघरी हाच विषय होता. पतसंस्थांना मात्र हा विमा नाहीच, आणि काकांची चौथी पावती नेमकी तिथली निघाली.