शॉटगन की कॉलर माइक? आधी अंतर मोजा

व्ह्लॉगिंगसाठी छोटा कॅमेरा घेतला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: माइक कुठला घेऊ? उत्तरही ठरलेलंच मिळतं. "शॉटगन घे, तो लांबचा आवाज ओढतो. कॉलर माइक सगळीकडचा गोंगाट पकडतो." यातलं पहिलं वाक्य चूक आहे आणि दुसरं अर्धवट. तरी वर्षानुवर्षं तेच सांगितलं जातंय, आणि त्यापायी मराठीतले कितीतरी मेहनतीने केलेले रेसिपीचे, गडकिल्ल्यांचे, शेतीचे व्हिडिओ मी दोन मिनिटांत बंद करते. चित्र लख्ख असतं, पण बोलणं खोलीत घुमत असतं.

कॅमेऱ्यावर बसवायचा माइक तुम्हाला माहीत आहेच: वरच्या शूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत अडकवायचा, वायर खोचायची, झालं. रोडचा व्हिडिओमायक्रो, बोयाचा बीवाय-एमएम१ ही त्यातली ओळखीची नावं. या छोट्या माइकना सगळे सरसकट शॉटगन म्हणतात, पण ते कार्डिऑइड आहेत. म्हणजे समोरचं जास्त, मागचं कमी ऐकणारे. कॉलर माइक कपड्याला लावायचा, वायरचा किंवा वायरलेस. तो बहुतेक वेळा ओम्नी असतो, सगळ्या बाजूंनी सारखंच ऐकणारा. इथवर कुणाचा गोंधळ नाही.

गोंधळ होतो तो पुढे. "समोरचं जास्त ऐकतो" याचा अर्थ "समोरचं जवळ आणतो" असा लावला जातो. टांग्याच्या घोड्याला झापडं लावली म्हणून त्याला रस्त्याचं पुढचं टोक जवळ दिसत नाही, फक्त बाजूचं दिसेनासं होतं. दिशा पकडणारा माइकही तेवढंच करतो. माइकमध्ये झूम नसतो.

तुमच्या तोंडातून निघालेला आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने खाली येतो. वीतभर अंतरावरचा, म्हणजे साधारण २० सेंटिमीटरवरचा माइक उचलून २ मीटरवरच्या ट्रायपॉडवर नेला, तर अंतर दहापट आणि आवाज २० डेसिबलने कमी. भिंतींवरून, फरशीवरून परत येणारा घुमारा मात्र खोलीत सगळीकडे जवळजवळ तेवढाच राहतो. माइक लांब गेला की तुमचा आवाज घटतो आणि घुमारा घटत नाही. एडिटिंगमध्ये आवाज वाढवलात तर दोन्ही वाढतात.

आता दिशेचा फायदा किती ते बघा. बंद खोलीत कार्डिऑइड माइक ओम्नीच्या १.७ पट अंतरावर असला तरी आवाज आणि घुमारा यांचं प्रमाण तेवढंच राहतं. सुपरकार्डिऑइडला, म्हणजे त्याहून अरुंद दिशेचं ऐकणाऱ्या माइकला, हीच सवलत सुमारे १.९ पट मिळते. सगळी करामत एवढीच. म्हणजे ट्रायपॉडवर २ मीटर लांब बसवलेला चांगला, महागडा सुपरकार्डिऑइड हा जेमतेम १ मीटरवर धरलेल्या साध्या ओम्नीच्या तोडीचा. आणि कॉलरचा ओम्नी १ मीटरवर नसतो, वीतभर अंतरावर असतो. स्वयंपाकघरातल्या टाइल्स, ओटा आणि स्टीलच्या भांड्यांमध्ये ही तुलनाच होऊ शकत नाही.

"पण शॉटगनला लांब नळी असते ना?" असते. त्या नळीला बाजूने चिरा असतात. बाजूने येणारा आवाज वेगवेगळ्या चिरांमधून थोडा मागेपुढे आत शिरतो आणि स्वतःलाच खोडून काढतो. मात्र हे जमतं ते नळीच्या लांबीएवढ्या किंवा त्याहून लहान लहरींच्या बाबतीत. हवेत १००० हर्ट्झची लहर साधारण ३४ सेंटिमीटर लांब असते. छोट्या कॅमेऱ्यावर शोभेल अशी नळी १० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे ती खरी कामाला लागते साधारण ३४०० हर्ट्झच्या वर. बसचं इंजिन, जनरेटर, पंख्याची घरघर हे सगळं त्याच्या कितीतरी खाली. तिथे नळी काहीच करत नाही. जी काही दिशा मिळते ती आतल्या कॅप्सूलची, म्हणजे प्रत्यक्ष आवाज पकडणाऱ्या भागाची.

सिनेमाच्या सेटवर नावाजलेला सेनहायझरचा एमकेएच ४१६ हा २५ सेंटिमीटरचा. तोही कोणी कॅमेऱ्यावर ठेवून मोकळं होत नाही. बूम ऑपरेटर काठीला लावून तो फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत, नटाच्या डोक्याजवळ आणतो. ज्यांचं पोटच आवाजावर आहे तेही अंतरालाच जपतात.

माझा सर्वांत मोठा राग आहे तो तुलनेच्या व्हिडिओंवर. एक माइक तोंडाजवळ, दुसरा चार फुटांवर, आणि निष्कर्ष काय, तर पहिल्याचा ब्रँड भारी! दोन्ही माइक एकाच अंतरावर नसतील तर त्या तुलनेत तुम्ही अंतर ऐकत असता, माइक नव्हे.

मग कॅमेऱ्यावरचा माइक घ्यायचाच नाही का? घ्यायचा, पण कॅमेरा हातात असेल तर. हात लांब करून स्वतःला शूट करताना माइक फूट-दोन फुटांवर असतो, आणि तिथे कार्डिऑइड उत्तम चालतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फिरताना भेटेल त्या मासळीवालीच्या कॉलरला माइक लावत बसणं शक्य नाही. बाजाराचा कलकलाटही हवाच असतो. तिथे कॅमेऱ्यावरचाच बरा. सोनीच्या झेडव्ही-१ या छोट्या कॅमेऱ्यामध्ये मात्र तीन कॅप्सूलचा माइक आधीच आहे आणि पेटीत त्यावर लावायचं, वारा अडवणारं केसाळ कव्हरही येतं. हातभर अंतरावरून, शांत जागी त्याने भागतं का ते आधी ऐकून बघा.

ट्रायपॉड लावून मागे सरकणार असाल, तर कॉलर माइक. इथे मी दुसरा पर्याय मानतच नाही.

त्याचे त्रास वेगळे आहेत आणि त्यांची तयारी हवी. पदर, ओढणी, मंगळसूत्र घासलं की खरखर थेट रेकॉर्ड होते, आणि ती नंतर काढता येत नाही. माइक हनुवटीखाली वीतभर, काही घासणार नाही अशा जागी लावा आणि जवळ वायरचा छोटा वेढा घेऊन तो चिकटपट्टीने पक्का करा. कडक सिंथेटिकपेक्षा मऊ सुती कापड बरं. दोन बोटांच्या चिमटीत माइक धरून बोलण्याची जी पद्धत पडली आहे ती सोडा. बोटांची प्रत्येक हालचाल ऐकू येते.

गडावर जाणार असाल तर केसाळ कव्हर लागणारच, माइक कुठलाही असो. काळा फोम फक्त "प", "फ"चे फटके अडवतो. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरच्या वाऱ्यापुढे तो निरुपयोगी. वाऱ्याचा त्रास दिशा पकडणाऱ्या माइकला जास्त होतो आणि ओम्नीला कमी, हे फारसं कोणी सांगत नाही.

बाकीचं थोडक्यात. माइकच्या वायरच्या पिनवर दोन काळ्या पट्ट्या असतील तर ती कॅमेऱ्याची, तीन असतील तर मोबाइलची. चुकीची असेल तर अडॅप्टर घ्या. बोयाच्या बीवाय-एम१ या वायरच्या कॉलर माइकला पिन मोबाइलची असली तरी बटण कॅमेऱ्यावर सरकवलं की चालतं, फक्त आत एलआर४४ सेल हवा. डीजेआयच्या ऑस्मो पॉकेट ३ या छोट्या कॅमेऱ्याला ही पिन खोचायचं ३.५ मिलिमीटरचं भोकच नाही, तेव्हा वायरचा माइक घेण्याआधी कॅमेरा तपासा. २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या वायरलेसचा सिग्नल आपलं शरीर अडवतं, म्हणून ट्रान्समीटर, म्हणजे सिग्नल पाठवणारी डबी, पाठीमागे खोचून कॅमेऱ्याकडे तोंड करू नका.

झेडव्ही-१ला हेडफोनची जागा नाही. शूटिंगच्या जागी उभं राहून दहा सेकंद बोला, क्लिप मोबाइलवर घ्या आणि इअरफोन लावून ऐका. घुमारा ऐकू आला तर सेटिंगला हात लावण्याआधी माइक जवळ आणा.